नॅशनल जिओग्राफिकवरची पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिवळ्या चौकटीच्या या मासिकाचा इतिहास, त्यातली छायाचित्रं आणि त्यानं लोकांच्या मनात उभं केलेलं जगाचं चित्र, यावर इंग्रजीत बरीच पुस्तकं आहेत. कोणतं घ्यावं, कुठून सुरुवात करावी, घरातल्या जुन्या अंकांचं काय करावं, असे प्रश्न सतत येतात. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. जे एकदा सांगितलं ते पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एकच पुस्तक वाचायचं असेल तर कोणतं वाचू?

रॉबर्ट पूल यांचं ‘एक्सप्लोरर्स हाऊस’ (२००४). पूल या मासिकाचे कार्यकारी संपादक होते. त्यामुळे तिथली माणसं, रुसवेफुगवे आणि निर्णय त्यांना आतून ठाऊक आहेत, आणि तरीही घरच्या अडचणीच्या गोष्टी त्यांनी झाकलेल्या नाहीत. हबर्ड, बेल आणि ग्रोव्हनर ही घराणी लग्नसंबंधांनी एकमेकांत गुंतलेली. या गोतावळ्यानं पिढ्यान्‌पिढ्या एक संस्था कशी चालवली, ही त्यातली मुख्य गोष्ट. कादंबरीसारखं वाचून होतं.

त्यात फोटो मोजकेच आहेत. फोटोंसाठीच पुस्तक हवं असेल तर प्रश्न ५ पाहा, टीका वाचायची असेल तर प्रश्न ६.

२. पुस्तक हातात घेण्याआधी मासिकाचा किती इतिहास माहीत असावा?

फार नाही, पण काही तारखा डोक्यात असल्या की कोणतंही पुस्तक सोपं जातं.

१३ जानेवारी १८८८ रोजी वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबात ३३ जण जमले आणि हे मासिक काढणाऱ्या नॅशनल जिओग्राफिक सोसायटीची कल्पना ठरली. ऑक्टोबर १८८८ मध्ये पहिला अंक आला: तपकिरी मुखपृष्ठ, आत अभ्यासकांनी अभ्यासकांसाठी लिहिलेले रुक्ष लेख. पहिले अध्यक्ष गार्डिनर ग्रीन हबर्ड. त्यांच्यानंतर त्यांचे जावई, टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. बेल यांनी १८९९ मध्ये गिल्बर्ट ग्रोव्हनर या तेवीस वर्षांच्या तरुणाला कामावर घेतलं. पुढच्याच वर्षी तो बेल यांचा जावई झाला आणि १९५४ पर्यंत मासिक त्याच्या हातात राहिलं.

वळण आलं जानेवारी १९०५ च्या अंकात. छापखान्याला पानं कमी पडत होती. ग्रोव्हनरनी रशियन साम्राज्यातल्या प्रवाशांनी काढलेले तिबेटमधल्या ल्हासाचे फोटो ११ पानं भरून छापले. आपली नोकरी जाणार असं त्यांना वाटत होतं, पण झालं उलटंच, सभासदांनी त्यांचं अभिनंदन केलं. जुलै १९०६ मध्ये जॉर्ज शिरास यांचे रात्री फ्लॅश उडवून टिपलेल्या वन्यप्राण्यांचे ७४ फोटो आले. १९१० मध्ये पिवळी चौकट आली, जुलै १९१४ मध्ये ऑटोक्रोम पद्धतीचा पहिला नैसर्गिक रंगीत फोटो (बेल्जियमच्या घेंटमधली फुलबाग), आणि जानेवारी १९२७ मध्ये पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो. हे शेवटचे फ्लोरिडाजवळ काढले होते. त्यासाठी समुद्रावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवत, तो लखलखाट पाण्यात उतरे आणि तेवढ्यात खाली कॅमेऱ्याची कळ दाबली जाई. मुखपृष्ठावर नियमानं चित्र यायला मात्र १९५९ उजाडलं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वाचक या मासिकाचा ‘वर्गणीदार’ नव्हता, तो सोसायटीचा ‘सभासद’ होता. अंक घरी येणं म्हणजे एका शास्त्रीय संस्थेत आपलं नाव असणं. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत हे अंक रद्दीत का जात नव्हते, त्याचं अर्धं कारण इथे आहे.

३. प्रत्येक पुस्तकात ‘सात तत्त्वं’ येतात. ती कोणती?

१९१५ मध्ये ग्रोव्हनरनी संपादनाचे सात नियम छापले. थोडक्यात असे: मजकूर संपूर्ण अचूक हवा, सुंदर, बोधप्रद आणि कलात्मक चित्रं भरपूर हवीत, जे छापू त्याचं मोल वर्षानुवर्षं टिकावं, कुणाच्या खाजगी किंवा किरकोळ गोष्टी नकोत, पक्षपाती किंवा वादग्रस्त काही नको, कोणत्याही देशाबद्दल वा लोकांबद्दल छापायचं ते सद्‌भावाचंच, आणि अंकातले विषय त्या त्या वेळेला धरून असावेत.

टीकाकारांचं सगळं भांडण पाचव्या आणि सहाव्या नियमाशी आहे, आणि ते बरोबर आहे असं आमचं मत. ‘वाईट बोलायचं नाही’ हा नियम ऐकायला सज्जनपणाचा वाटतो. पण तो पाळत गेलं की ज्या देशात माणसं चिरडली जात आहेत तिथलेही फक्त डोंगर आणि लोकनृत्यं दिसतात. फेब्रुवारी १९३७ मध्ये बर्लिनवर आलेला लेख हे त्याचं सर्वांत बोचरं उदाहरण. नाझी राजवटीतल्या शहराचं त्यात गोडगोड वर्णन होतं. लेखक डग्लस चँडलर पुढे नाझींसाठी रेडिओवर प्रचार करू लागला आणि युद्धानंतर अमेरिकेत देशद्रोहाच्या खटल्यात दोषी ठरला.

४. पुस्तक संस्थेनं काढलेलं आहे की बाहेरच्या माणसानं लिहिलेलं, हे कसं ओळखायचं?

आतल्या शीर्षकपानाची मागची बाजू बघा. प्रकाशकाचं नाव आणि कॉपीराइट कोणाचा, या दोन ओळी वाचा. नुसत्या प्रकाशकावरून मात्र फसायला होतं. सी. डी. बी. ब्रायन यांचं ‘द नॅशनल जिओग्राफिक सोसायटी: हंड्रेड इयर्स ऑफ ॲडव्हेंचर अँड डिस्कव्हरी’ (१९८७) हे अब्रॅम्स या कलाप्रकाशनाचं, पण ते शताब्दीच्या निमित्तानं सोसायटीच्या सहकार्यानं झालेलं पुस्तक आहे. म्हणून प्रस्तावनेतले आभारही वाचा: फोटो कोणी दिले, कागदपत्रं कोणी उघडून दिली, हे तिथे कळतं.

शिकायचं असेल तर त्याच १९८७ सालचं हॉवर्ड अब्रॅमसन यांचं ‘नॅशनल जिओग्राफिक: बिहाइंड अमेरिकाज लेन्स ऑन द वर्ल्ड’ शेजारी ठेवा. हे बाहेरून लिहिलेलं, शोधपत्रकारितेच्या अंगानं जाणारं. दोन्हींत एकच प्रकरण वाचा: अमेरिकन शोधप्रवासी रॉबर्ट पिअरी खरोखर उत्तर ध्रुवावर पोचला होता का? सोसायटीनं १९०९ मध्ये त्याचा दावा मान्य केला होता. त्या दाव्यावर गंभीर शंका घेणारा वॉली हर्बर्ट यांचा लेख खुद्द मासिकात आला तो सप्टेंबर १९८८ मध्ये. तीन ठिकाणी एकच घटना वाचल्यावर आतलं आणि बाहेरचं लेखन यातला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

संस्थेची स्वतःची पुस्तकं टाकाऊ नव्हेत. मूळ निगेटिव्ह आणि संग्रह त्यांच्याकडे असल्यामुळे छपाई तिथेच उत्तम मिळते.

५. फोटोंसाठी कोणतं पुस्तक घ्यावं?

कशासाठी हवंय त्यावर आहे.

छायाचित्रणाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर जेन लिव्हिंग्स्टन यांचं ‘ओडिसी: द आर्ट ऑफ फोटोग्राफी ॲट नॅशनल जिओग्राफिक’ (१९८८). हे वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनातल्या प्रदर्शनाबरोबर निघालं. कलासमीक्षकानं हे फोटो ‘चित्र’ म्हणून पाहिले तर काय दिसतं, ते त्यात कळतं. फोटोग्राफर कसं काम करतात हे हवं असेल तर लीआ बेनडाव्हिड-व्हॅल यांचं ‘नॅशनल जिओग्राफिक: द फोटोग्राफ्स’ (१९९४). मुखपृष्ठांसाठी मार्क कॉलिन्स जेन्किन्स यांचं ‘द कव्हर्स’ (२०१४). आणि पैसे व कपाटात जागा दोन्ही असेल तर टाशेन या प्रकाशनाचे तीन जाडजूड खंड, ‘अराउंड द वर्ल्ड इन १२५ इयर्स’.

सुरुवात करणाऱ्याला आम्ही ‘द कव्हर्स’ सुचवू. मुखपृष्ठ म्हणजे संपादकानं महिनाभराच्या मालातून निवडलेला एक फोटो. त्यामुळे नुसतं चाळतानाही काळ कसा बदलला ते दिसतं.

या सगळ्या पुस्तकांत एक उणीव सारखीच आहे. मासिकातला फोटो कधी एकटा नव्हता. त्याला मथळा होता, खाली ओळ होती, शेजारी दुसरा फोटो होता. संग्रहात तो एकटा, मोठा आणि चकचकीत होऊन येतो, आणि मूळ फोटोओळ बहुधा बदललेली असते. फोटोचा अर्थ लावायचा असेल तर मूळ अंक शोधाच (प्रश्न १३). विकत घेताना एक व्यावहारिक गोष्ट तपासा: दोन पानांवर पसरलेला फोटो शिवणीत गडप होतो का? पुस्तक मधोमध उघडून टेबलावर सोडा. सपाट राहत नसेल तर अशा फोटोंचा मधला पट्टा कायमचा गेला समजा.

६. ‘रीडिंग नॅशनल जिओग्राफिक’ फार अवघड आहे म्हणतात. कसं वाचावं?

कॅथरीन लुट्झ आणि जेन कॉलिन्स या दोन मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांचं हे पुस्तक १९९३ मध्ये शिकागो विद्यापीठानं काढलं, आणि या विषयावर नंतर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यापाशी थांबावं लागलं. १९५० ते १९८६ या काळात पाश्चात्त्य जगाबाहेरच्या लोकांचे जे फोटो आले, त्यांतले सुमारे ६०० त्यांनी निवडले आणि प्रत्येकाला तेच ठरावीक प्रश्न विचारले: माणूस हसतोय का, कॅमेऱ्याकडे बघतोय का, काम करतोय की सोहळ्यात आहे, अंगावर काय आहे, आसपास यंत्रं आहेत का. शिवाय मासिकाच्या ऑफिसात जाऊन मुलाखती घेतल्या आणि वाचकांना फोटो दाखवून ते काय म्हणतात तेही नोंदवलं.

पहिल्या पानापासून सुरुवात केली की बरेच जण तिसाव्या पानाशी सोडून देतात. आम्ही सुचवतो तो क्रम वेगळा. आधी तिसरं प्रकरण: फोटो कसे निवडले जातात, हजारो फ्रेममधून पंचवीस-तीस कसे उरतात, फोटोओळ कोण लिहितो. हे कामाच्या जागेचं वर्णन असल्यानं सोपं जातं. मग सातवं, नजरांबद्दलचं (प्रश्न ७). मग आठवं, वाचकांच्या मुलाखतींचं. यानंतर पहिली दोन प्रकरणं घ्या. चौथं, पाचवं आणि सहावं आकड्यांचं आणि सिद्धान्ताचं आहे. त्यांतलं वंश, रंग आणि स्त्रीदेह यांवरचं सहावं सोडू नका. नोव्हेंबर १८९६ च्या अंकात झुलू नवरानवरीचा, स्त्री उघड्या छातीची असलेला फोटो आला, तेव्हापासून या मासिकात कोणाचं शरीर दाखवायचं आणि कोणाचं झाकायचं हे कातडीच्या रंगावर ठरत गेलं. तो प्रश्न तिथे नीट मांडला आहे.

७. ‘नजर’ म्हणजे नेमकं काय? एक उदाहरण द्या.

लुट्झ आणि कॉलिन्स म्हणतात की एका फोटोत अनेक नजरा एकमेकींना छेदतात. त्या सात मोजतात: फोटोग्राफरची, मासिकाची (निवड, कातरणी, फोटोओळ), वाचकाची, फोटोतल्या माणसाची, फोटोतच असलेल्या पाश्चात्त्य माणसाची, फोटोतल्या आरशातून किंवा कॅमेऱ्यातून परतलेली, आणि हे सगळं तपासणाऱ्या अभ्यासकाची.

जून १९८५ चं मुखपृष्ठ समोर घ्या. स्टीव्ह मॅककरी यांनी पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत काढलेला अफगाण मुलीचा फोटो. तांबूस ओढणीला भोकं पडली आहेत, मागे हिरवट पडदा, आणि त्याच हिरव्याशी नातं सांगणारे डोळे थेट आपल्याकडे लागलेले. खालच्या ओळीत काय आहे? डोळे आहेत, भय आहे, ‘अफगाण निर्वासित’ हे शब्द आहेत. नाव नाही. फोटोग्राफरनं तेव्हा नाव टिपलंच नव्हतं. आता नजरा मोजा. तिची नजर थेट आहे, ती लाजलेली किंवा हसरी नाही, या मासिकातल्या नेहमीच्या फोटोंहून वेगळी. मासिकाची नजर ओळीतून बोलते: हे डोळे भ्यालेले आहेत, असं ती आपल्याला आधीच सांगून टाकते. ओळ हातानं झाकून पुन्हा बघा. भीती दिसते, की वर्गात शिरलेल्या परक्या पुरुषाबद्दलचा राग? ओळीनं आपल्यासाठी काय ठरवून ठेवलं होतं, ते तेव्हा लक्षात येतं.

ही मुलगी म्हणजे शरबत गुला. २००२ मध्ये तिचा शोध लागला, बुबुळांच्या नक्षीवरून केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी ओळख पटवली, आणि एप्रिल २००२ च्या अंकात ती नावानिशी आली. म्हणून कोणत्याही पुस्तकात हा फोटो दिसला की आधी पुस्तकाचं साल बघा. २००२ पूर्वीचं असेल तर तिथे ती ‘अफगाण मुलगी’च आहे. त्यानंतरचं तिचं आयुष्य, म्हणजे २०१६ मध्ये पाकिस्तानात बनावट ओळखपत्रावरून झालेली अटक, मायदेशी पाठवणी आणि २०२१ मध्ये इटलीत मिळालेला आश्रय, वाचायचं तर आणखी नंतरचं लेखन लागतं.

८. हा अभ्यास घरच्या अंकांवर स्वतः करता येईल का?

येतो, आणि यापेक्षा चांगला धडा दुसरा नाही. वेगवेगळ्या दशकांतले चार अंक घ्या. प्रत्येकातला अमेरिका-युरोपबाहेरचा एक लेख निवडा. वहीत रकाने आखा: फोटोत किती माणसं, स्त्री-पुरुष, वय, कॅमेऱ्याकडे नजर, हास्य, कपडे (रोजचे की सणाचे), काम की विधी, यंत्र किंवा गाडी दिसते का, फोटोओळीत माणसाचं नाव आहे का.

दोन गोष्टी चुकतात. एक, आवडलेलेच फोटो निवडले जातात. त्यासाठी नियम आधी ठरवा: लेखातला प्रत्येक फोटो, किंवा दर तिसरा. दुसरी, एकटाच माणूस नोंदी करतो आणि स्वतःचं मत रकान्यात भरतो. तोच लेख घरातल्या दुसऱ्या कोणाला द्या आणि वह्या शेवटी ताडून पाहा. ‘हसतोय की नाही’ यावरसुद्धा मतं फुटतात. तो रकाना मग मोडीत काढा किंवा व्याख्या घट्ट करा. सर्वांत बोलका रकाना नावाचाच ठरतो.

९. वाचक काय आंधळेपणानं सगळं मानत होते? टीकाकार असंच म्हणतात ना?

सगळे तसं म्हणत नाहीत. स्टेफनी हॉकिन्स यांचं ‘अमेरिकन आयकॉनोग्राफिक’ (२०१०) नेमकं याच्या उलट बाजूनं जातं. वाचकांनी मासिकाला लिहिलेली पत्रं आणि मासिकाची झालेली विडंबनं त्यांनी तपासली. वाचक हुज्जत घालत होते, चुका काढत होते, टर उडवत होते. प्रश्न ६ मधल्या पुस्तकानंतर हे जरूर वाचा, नाहीतर चित्र एकांगी राहतं.

याच रांगेत आणखी तीन. तमार रॉथेनबर्ग यांचं ‘प्रेझेंटिंग अमेरिकाज वर्ल्ड’ (२००७) १९४५ पर्यंतच्या काळावर आहे: स्वतःला निष्पाप म्हणवत साम्राज्याच्या बाजूनं कसं उभं राहता येतं, हा त्याचा विषय. लिंडा स्टीट यांचं ‘व्हेल्स अँड डॅगर्स’ (२०००) अरब जगाच्या चित्रणावर. सुझन शुल्टन यांचं ‘द जिऑग्राफिकल इमॅजिनेशन इन अमेरिका’ (२००१) नकाशे, शाळा आणि हे मासिक एकत्र बघतं. नकाशांत रस असेल तर हेच आधी.

१०. पिरॅमिड सरकवल्याचं प्रकरण काय आहे?

फेब्रुवारी १९८२ चं मुखपृष्ठ. गॉर्डन गेहन यांचा गिझाच्या पिरॅमिडांचा फोटो आडवा होता आणि मुखपृष्ठ उभं. आडव्याचं उभं करताना दोन्ही पिरॅमिड मावेनात, म्हणून संगणकावर ते एकमेकांजवळ आणले. बाहेर कळलं तेव्हा मोठा गदारोळ झाला, कारण संपूर्ण अचूकपणा हा या घराचा पहिला नियम (प्रश्न ३). डिजिटल फेरफारावरच्या जवळपास प्रत्येक चर्चेची सुरुवात आजही या मुखपृष्ठापासून होते.

२०१६ मध्ये मॅककरींच्या काही फोटोंत, मासिकाबाहेरच्या, फेरफार आढळल्यावर हा वाद पुन्हा पेटला. तुमचं पुस्तक त्याआधीचं असेल तर त्यात मॅककरी निष्कलंकच भेटतील. आणखी एक घसरण ‘आर्किओरॅप्टर’ची: नोव्हेंबर १९९९ मध्ये पक्षी आणि डायनोसॉर यांना जोडणारा दुवा म्हणून छापलेला जीवाश्म वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून केलेला निघाला. चूक कशी झाली याची तपासणी मासिकानं २००० मध्ये स्वतःच छापली.

११. २०१८ मध्ये मासिकानं स्वतःच चूक कबूल केली. मग जुनी टीका वाचायची गरज काय?

एप्रिल २०१८ च्या वंश या विषयावरच्या अंकात संपादक सुझन गोल्डबर्ग यांनी अनेक दशकांचं आपलं वार्तांकन वंशवादी होतं असं स्वच्छ लिहिलं. जुने अंक तपासायला त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठातले इतिहासकार जॉन एडविन मेसन यांना बोलावलं होतं. पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर गोळ्या झाडल्या त्या शार्पव्हिल हत्याकांडानंतर अडीचेक वर्षांनी आलेल्या दक्षिण आफ्रिकेवरच्या १९६२ च्या लेखात कृष्णवर्णीयांचं दुःख जवळपास दिसतच नाही, आणि १९७७ च्या लेखात ते दिसतं, ही तुलना त्यातलीच.

कबुली महत्त्वाची आहे, पण ती काही पानांची. कोणत्या प्रक्रियेतून हे घडत गेलं, तेच फोटो पुन्हापुन्हा का निवडले गेले, हे पाव शतक आधीची पुस्तकंच सांगतात. आधी संपादकीय वाचा, मग प्रश्न ६.

१२. भारत आणि महाराष्ट्रावरचे कोणते अंक शोधावेत?

मुंबईपुरतं बोलायचं तर चार. जुलै १९८१ चा मुंबईवरचा लेख, रघुबीर सिंग यांच्या फोटोंसह. मार्च १९९५ चा, मॅककरींच्या फोटोंसह. मे २००७ चा धारावीवरचा, फोटो जोनास बेंडिक्सन यांचे. आणि डिसेंबर २०१५ चा बिबट्यांवरचा, ज्यात स्टीव्ह विंटर यांनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला शहराच्या दिव्यांत फिरणारे बिबटे टिपले. जातिव्यवस्थेवर जून २००३ चा लेख आहे, ‘अस्पृश्य’ हा त्याचा मथळ्यातला शब्द, फोटो विल्यम ॲलार्ड यांचे.

१९८१ आणि १९९५ शेजारी ठेवून बघा. एक इथलाच फोटोग्राफर, एक बाहेरून आलेला, शहर तेच. प्रश्न ८ ची वही इथे खरी उपयोगी पडते.

१३. संदर्भ देताना खंड क्रमांक कसा काढायचा?

१९१४ पासून वर्षाला दोन खंड: जानेवारी ते जून एक, जुलै ते डिसेंबर दुसरा. पहिल्या सहामाहीसाठी सूत्र सोपं आहे. सालातून १९१४ वजा करा, दुप्पट करा, २५ मिळवा. जून १९८५ साठी ७१ गुणिले २ म्हणजे १४२, अधिक २५, म्हणजे खंड १६७. सहावा महिना, म्हणून अंक ६. दुसऱ्या सहामाहीला आणखी १ मिळवा, आणि अंक जुलैपासून पुन्हा १ वर येतो. जुन्या अंकांत पानांचे आकडे अंकापुरते नसून खंडभर सलग जातात, त्यामुळे पातळ अंकात ‘पान ७१२’ दिसलं तर घाबरू नका.

ग्रंथालयातल्या बांधीव खंडांत बऱ्याचदा बांधणीच्या वेळी जाहिरातींची पानं आणि घडीचे नकाशे काढून टाकलेले असतात. सांस्कृतिक प्रभावाचा अभ्यास असेल तर हे मोठं नुकसान, कारण शेजारी कोणत्या गाडीची जाहिरात होती हाही पुरावाच असतो. तेव्हा सुटे अंक बघा, नाहीतर १९९७ पासून निघालेला संपूर्ण अंकांचा डिजिटल संच, ज्यात पानं जाहिरातींसकट स्कॅन केलेली आहेत. जुन्या सीडी विकत घेण्याआधी त्यांचं सॉफ्टवेअर तुमच्या संगणकावर चालतं का ते मात्र विचारा. बहुधा चालत नाही.

१४. वडिलांनी जमवलेले शेकडो अंक आहेत. किती पैसे येतील?

साठच्या दशकापासूनचे असतील तर फारसे नाहीत. भरभराटीच्या काळात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, खप एक कोटीच्या वर होता, आणि हे अंक कोणी फेकत नसे. त्यामुळे जगभर ते मुबलक आहेत. किंमत येते ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या आणि त्याआधीच्या अंकांना. तिथेही सावध राहा: आरंभीच्या खंडांची पुनर्मुद्रणं निघालेली आहेत आणि ती मूळ म्हणून विकली जातात. कागद आणि छपाई संशयास्पद कोरी वाटली की जाणकाराला दाखवा.

नकाशा मूळ अंकाबरोबर जागेवर असेल तर अंकाचं मोल वाढतं. रद्दीवाल्याला किलोवर देण्यापेक्षा सलग वर्षांचे गठ्ठे करून शाळेला किंवा वाचनालयाला द्या. सुट्या विस्कळीत अंकांना तिथेही जागा मिळत नाही.

१५. पावसाळ्यात अंकांची पानं एकमेकांना चिकटली. सोडवता येतील का?

वाळून चिकटली असतील तर घरी सुटत नाहीत, ओढलीत तर फोटो सोलून निघेल. या गुळगुळीत कागदावर बारीक मातीचा लेप असतो. पाणी लागलं की तो लेप गोंदासारखा होतो आणि वाळताना पानं कायमची जोडतो.

ओली असतानाच हालचाल केली तर वाचतात. एका बाजूनं पान हळू उचला, प्रत्येक दोन पानांत कोरा, शाई नसलेला शोषक कागद घाला (वर्तमानपत्र नको, शाई उतरते), आणि पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत वाळवा. कागद भिजला की बदला. उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका. अंक जास्त असतील तर काही तासांतच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वेगवेगळे भरून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठल्यावर चिकटणं थांबतं, मग सवडीनं एकेक काढून वाळवता येतो.

मुळात भिजू नयेत यासाठी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर हवं, सर्वांत खालचा कप्पा मोकळा, आणि अंक उभे, फार न दाबता. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते. डांबराच्या गोळ्या कसरीला थोड्या आवरतील, ओलीला नाही. त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून सुकवून पुन्हा वापरा. लोखंडी पिना असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवा, ओल आली की गंजाचे डाग आधी तिथेच दिसतात.

१६. जुनं पुस्तक परदेशातून मागवताना काय तपासावं?

आवृत्ती. ब्रायन यांचं पुस्तक १९८७ नंतर वाढवून पुन्हा निघालं आहे. नावावरून मागवलं तर कोणती प्रत येईल सांगता येत नाही, म्हणून आयएसबीएन (आवृत्तीचा ओळखक्रमांक) विचारा. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर तो दहा आकडी असतो. ‘ग्रंथालयातून काढलेली प्रत’ स्वस्त असते, पण शिक्के आणि चिकटवलेले खिसे येतात. वाचायला हरकत नाही, फोटोंच्या पुस्तकाला घेऊ नका. वजन विचारा: मोठ्या फोटोपुस्तकाला पोस्टखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त पडू शकतो. लुट्झ-कॉलिन्स, पूल आणि हॉकिन्स हलकी आहेत, ती मागवायला परवडतात.

१७. मासिकातले फोटो माझ्या लेखात किंवा प्रबंधात छापता येतील का?

अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षं उलटलेलं साहित्य मुक्त होतं, म्हणजे ल्हासाचे १९०५ चे फोटो तिथे मुक्त आहेत. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचं स्वामित्व फोटोग्राफरच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतं. समीक्षा आणि अभ्यासासाठी कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ती ज्या फोटोबद्दल तुम्ही लिहीत आहात त्याच्यापुरती. सजावटीसाठी लावलेला फोटो तिच्यात बसत नाही.

गुंतागुंत इथे आहे की फोटोचा हक्क नेहमी मासिकाकडे नसतो. नोकरीतल्या फोटोग्राफरचं एक, बाहेरून काम घेणाऱ्याचं दुसरं. प्रश्न १३ मधल्या डिजिटल संचावरून याच मुद्द्यावर बाहेरच्या फोटोग्राफरांनी सोसायटीवर खटले भरले. जेरी ग्रीनबर्ग यांचा खटला वर्षानुवर्षं चालून २००८ मध्ये अपील न्यायालयात सोसायटीच्या बाजूनं निकाली निघाला, कारण पानं मूळ अंकासारखी जशीच्या तशी दाखवली होती. तेव्हा परवानगी मागताना फोटोखालचं श्रेय नीट वाचा आणि फोटोग्राफरचं नाव पत्रात लिहाच.

१८. ही पुस्तकं कोणत्या काळापर्यंत येतात?

बहुतेक महत्त्वाची पुस्तकं २०१० च्या आसपास थांबतात. त्यानंतर बरंच बदललं. २०१५ मध्ये मासिक आणि इतर माध्यमं ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सबरोबरच्या नव्या कंपनीत गेली, २०१९ मध्ये फॉक्सचा तो हिस्सा डिस्नेकडे आला, आणि २०२३ मध्ये मासिकानं पगारी लेखकांच्या उरलेल्या जागा काढून टाकल्या. सोसायटी वेगळी, ना-नफा संस्था म्हणून चालू आहे. जुन्या पुस्तकात ‘सोसायटी’ म्हणजेच मासिक असा अर्थ गृहीत धरलेला असतो. आजच्या बातमीत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवून वाचा.